‘व्यवसाय : जादूगार’ असं लिहू नका

दर रविवारी संध्याकाळी आम्ही सहा जण एक रोल-प्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. खेळ मी चालवते, म्हणजे जग माझं आणि पात्रं त्यांची. जग आपल्यासारखंच आहे : मोबाइल आहेत, बस आहेत, घरभाडं आहे, परीक्षा आहेत. शिवाय जादू आहे. गेल्या महिन्यात माझी सोळा वर्षांची भाची पहिल्यांदा खेळायला बसली. तिने पात्राचा कागद सुरेख अक्षरात भरून माझ्यापुढे सरकवला. नाव, वय, स्वभाव, कशाची भीती वाटते, सगळं होतं. ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द होता : जादूगार.

मी म्हटलं, “हे ‘व्यवसाय : वीज’ लिहिल्यासारखं झालं गं.”

“पण मावशी, ती जादूच करते ना?”

करते की. पण वीज सगळीकडे पोचलेल्या जगात ‘वीज’ हा कुणाचाच धंदा नसतो. कुणी खांबावर चढतं, कुणी मीटर तपासतं, कुणी जळलेल्या मोटरचं वाइंडिंग करून देतं, कुणी दिव्याच्या उजेडात रात्रपाळी करतं. त्या रात्रपाळीवाल्याला विजेतलं काही कळत नसेल, पण त्याची नोकरी विजेमुळेच आहे. जादूचंही असंच व्हायला हवं. मी कागद तिला परत दिला आणि पुढचे तीन रविवार आम्ही दोघींनी मिळून तो एक रकाना भरला. कसा भरला ते इथे लिहिते. कथा लिहिणाऱ्यांना, गेम चालवणाऱ्यांना आणि असं एखादं जग मनात घेऊन फिरणाऱ्यांना ते वापरता येईल.

मी सोळा वर्षं लिफ्टच्या देखभालीचं काम करते आहे, आणि माझी पद्धत त्या कामातूनच आली आहे. दोराने माल वर ओढणं माणसाला फार पूर्वीपासून येत होतं. तरी त्यात माणसं बसायला धजत नव्हती, कारण दोर तुटला की संपलं. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः एका फळीवर उभा राहून वर गेला आणि त्याने वरचा दोर तोडायला लावला. फळी जराशी खाली सरकली आणि बाजूच्या दात्यांत अडकून थांबली. १८५७ मध्ये त्याच शहरातल्या एका दुकानात त्याची माणसांसाठीची लिफ्ट सुरू झाली. वर जायची युक्ती जुनीच होती. लोकांनी पैसे मोजले ते न पडण्याचे. वेग वाढला की ओळखणारा गव्हर्नर, केबिन जागीच धरणारा सेफ्टी गिअर, ब्रेक, खड्ड्यात धक्का झेलणारे बफर, मी ज्यावर पोट भरते ते सगळं त्या न पडण्यातून आलं आहे.

म्हणून पात्राला काम शोधताना मी जादू काय करते हे एका ओळीत लिहिते आणि ती कुठे अपुरी पडते हे पानभर लिहिते. नोकरी त्या पानावर सापडते.

आधी हिशेब

भाचीच्या पात्राकडे लघिमा होती. अष्टसिद्धींतलं हे नाव तिनेच शोधून आणलं होतं. हात लावला की वस्तूचं वजन नाहीसं होतं, एवढंच तिने ठरवलं होतं. मी तिला विचारत गेले : किती वजनापर्यंत? किती वेळ? हात काढला तर? बदल्यात शरीरातून काय जातं? मधेच चुकलं तर काय होतं? कंटाळून का होईना, तिने उत्तरं लिहिली. एका वेळी एकच वस्तू किंवा एकच माणूस, ८० किलोपर्यंत. अकरा मिनिटं. त्यानंतर तासभर दोन्ही तळहात बधिर. आणि एक नियम मी तिच्याकडून भांडून घेतला : वजन गेलं तरी वस्तुमान जात नाही. म्हणजे तरंगणाऱ्या कपाटाला धक्का दिला तर ते थांबवायला पूर्वीइतकाच जोर लागणार, आणि मधे कुणाचं बोट सापडलं तर चिरडणार.

तिचा पहिला विचार सामान हलवण्याचा होता. घरं बदलणाऱ्यांचं सामान, बंदरावरचा माल. ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून आम्ही आकडे मांडले. एक टन वजन एक मीटर उचलायला साधारण ९,८०० ज्यूल लागतात. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. घर्षण वगैरे सोडून दिलं तर एका युनिटमध्ये एक टन माल ३६७ मीटर वर जातो. अर्धी वीज वाया गेली धरली तरी १८० मीटर. लिफ्टचं तर आणखी स्वस्तात भागतं, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो. केबिनचं वजन अधिक पूर्ण भाराच्या जवळपास निम्मं, एवढा तो ठेवतात. मोटरला फक्त फरक ओढावा लागतो.

म्हणजे अकरा मिनिटं ८० किलो उचलून तासभर हात बधिर करून घेणारी मुलगी मालवाहतुकीत एका साध्या मोटरपुढे हरते. भाची हिरमुसली. मला मात्र इथेच बरं वाटायला लागतं, कारण जे काम यंत्र स्वस्तात करतं ते एकदा यादीतून गेलं की खरी यादी दिसायला लागते. मी तिला विचारलं, मोटर कुठे नेता येत नाही? हुक कशाला लावता येत नाही?

आणि मला एक लिफ्ट आठवली.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातली स्ट्रेचर लिफ्ट माझ्याकडे होती. ती मजल्याशी नीट जुळत नव्हती. ब्रेकचं लायनिंग झिजलं होतं, त्यामुळे केबिन दर वेळी बारा मिलिमीटर खाली थांबायची. माझ्या वहीत ती किरकोळ नोंद होती. मी दार उघडून मोजमाप घेत असताना भाजलेल्या रुग्णांच्या विभागातली एक नर्स आली आणि म्हणाली, “ताई, तो एवढासा धक्का काढता येईल का हो? ट्रॉली तिथे आपटते ना, तेव्हा पेशंट ओरडतो.” बारा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या दीडपट जाडी. त्या दिवशी मी लायनिंग बदलून, केबिन रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारे थांबवून बघेपर्यंत तिथून हलले नाही. मधल्या वेळात मला त्या विभागातलं काम दिसलं. पेशंटच्या अंगाखालची चादर बदलायला चौघं लागत होती. चौघांनी चार कोपरे धरायचे, एकदम उचलायचं, आणि तरीही कुठेतरी ओढ बसायचीच. पाठीला दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हाही तिथला नेम.

हे सांगून झाल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने पेन घेतलं. ८० किलोपर्यंतचा माणूस, अकरा मिनिटं, चादरीला अंग न लागता.

तिथून पुढे तिला थांबवावं लागलं नाही. हात कुठे लावायचा? जिथे कातडी शाबूत आहे तिथे, बहुतेक वेळा तळपायाला किंवा कपाळाला. वजन गेलेला माणूस वर तरंगत जाईल का? आम्ही गणित केलं. ८० किलोचं शरीर साधारण ८० लिटर हवा बाजूला सारतं आणि तेवढ्या हवेचं वजन असतं जेमतेम १०० ग्रॅम. म्हणजे तो अगदी सावकाश वर जाईल आणि दोन बोटांनी थोपवता येईल. अकरा मिनिटं संपताना तो हवेत असला तर? त्यासाठी शेजारी घड्याळ धरून उभा राहणारा दुसरा माणूस लागेल, जो नवव्या मिनिटाला ‘खाली’ म्हणेल आणि ज्याचं कुणीही मोडायचं नाही, डॉक्टरांनीसुद्धा. या माणसाला जादू येत नाही. त्याचंही हे करिअर आहे, आणि माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात जबाबदारीची जागा त्याची आहे. नंतरचा तासभर बधिर हात? त्या विभागात गरम पाणी आहे, निर्जंतुक करायची यंत्रं आहेत. तिचा स्वतःचाच हात भाजला तर तिला कळणारही नाही. म्हणून त्या तासात तिने हातमोजे घालून फक्त वहीतल्या नोंदी तोंडी सांगायच्या, दुसऱ्याने लिहायच्या.

किती जणांना येतं ते ठरवा

हा भाग बहुतेक जण टाळतात आणि मग जग डळमळतं. जादू दहा हजारांत एकाला येते असं धरा. दहा लाखांच्या शहरात शंभर माणसं झाली. जादूचे दहा प्रकार असतील तर लघिमा असलेली दहा. आता एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. माणसाचे आठवड्याला ४२ तास धरले तर एका जागेला चार जण, आणि रजा-आजारपण धरून पाच. म्हणजे अख्ख्या शहरात, कुठल्याही क्षणी, वजन घालवू शकणारी दोनच माणसं कामावर असणार. एक भाजलेल्यांच्या विभागात ठेवायचा की अग्निशमन दलात, की कोसळलेल्या इमारतीखालचं माणूस काढणाऱ्या पथकात? ते कोण ठरवतं? तिला स्वतःला ठरवता येतं का? माझ्या खेळातली निम्मी भांडणं या एका भागाकारातून निघाली आहेत.

हाच आकडा कोटीत एक असा धरला तर जगाच्या ८०० कोटींत ८०० जण होतात. तिथे करिअर निवडायचा प्रश्नच उरत नाही, सरकार त्यांना मोकळं सोडणार नाही. उलट सगळ्यांनाच जादू येत असेल तर तिचे कुणी पैसे देणार नाही. लिहिता येणं हे एके काळी पोट भरण्याचं साधन होतं, लोक पत्रं लिहून घ्यायला जायचे. सगळे लिहायला शिकले आणि ते काम जवळपास संपलं, पण त्याच साक्षरतेवर शिक्षक, छापखाने आणि पोस्टाचा पसारा उभा राहिला. म्हणून सगळ्यांना येणारी जादू असेल तर पात्राला जादू करण्याचं काम देऊ नका. जादू शिकवण्याचं, मोजण्याचं, चुकलेली निस्तरण्याचं द्या.

ज्याच्या तासाला सगळ्यात जास्त मोल

एका क्षणात दुसरीकडे पोचणारं पात्र प्रत्येक नव्या खेळाडूला हवं असतं, आणि त्याला सगळे पार्सल पोचवायला लावतात. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये देशांच्या व्यापाराबद्दल एक विचार मांडला होता : एखादा देश सगळ्याच वस्तू कमी श्रमात बनवत असला तरी त्याने जिथे त्याची आघाडी सगळ्यात मोठी आहे तेच करावं आणि बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. जादूवाल्या माणसालाही दिवसाचे तास चोवीसच. अशी एका क्षणात उडी मारणाऱ्याला दिवसाला वीस उड्या जमत असतील तर त्या कशावर खर्चायच्या? मी माझ्या जगात त्यांना प्रत्यारोपणाच्या कामाला लावलं. शरीरातून काढलेलं हृदय थंड ठेवून साधारण चार तास टिकतं, मूत्रपिंड एक दिवस किंवा त्याहून जास्त. मग मूत्रपिंड गाडीने किंवा विमानाने जाईल, हृदय उडीने. पार्सलवाल्यांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या आणि उडीवाल्याचं काम एकदम गंभीर झालं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. पृथ्वी फिरते आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे आणि आपणही तिच्याबरोबर. तुम्ही एका जागेवरून अदृश्य होऊन दुसरीकडे प्रगटलात तर अंगातला वेग जुन्या जागेचा राहणार, पण पायाखालची जमीन नव्या जागेची. विषुववृत्तावर पश्चिमेला १०० किलोमीटरची उडी मारली तर हा फरक ताशी २६ किलोमीटर भरतो आणि त्याची दिशा खाली असते. म्हणजे पावणेतीन मीटर उंचीवरून पडल्यासारखं आपटणार. पूर्वेला मारली तर तेवढंच वर फेकलं जाणार आणि मग पडणार. विषुववृत्तापासून लांब गेलात की हा धक्का तिरका होत जातो. उडी १० किलोमीटरचीच ठेवली तर मात्र पडणं अडीच-तीन सेंटिमीटरचं, पायरीचा अंदाज चुकावा तेवढं.

जादू हा फरक आपोआप मिटवते असं तुम्ही ठरवू शकता. मी ठरवलं की मिटवत नाही. लगेच कामं दिसायला लागली. हृदयाची पेटी घेऊन १०० किलोमीटर जायचं तर दहा-दहा किलोमीटरच्या दहा उड्या, म्हणून दर दहा किलोमीटरवर एक टप्पा. टप्प्यावर मोकळी जागा राखणारा माणूस, कारण त्याच वेळी तिथे दुसरं कुणी उभं असून चालणार नाही. वेगाची आणि दिशेची गणितं करणारा. आणि खाली बफर बसवणारी, त्याचं तेल तपासणारी बाई. लिफ्टच्या खड्ड्यात नेमकं हेच असतं, त्यामुळे हे काम मला डोळे मिटून माहीत आहे. यांतल्या एकालाही जादू येत नाही, आणि यांच्यावाचून उडीवाल्याचे घोटे महिनाभरात निकामी होतील.

जादू येऊन किती वर्षं झाली?

पाच वर्षांपूर्वी आलेली जादू आणि पाचशे वर्षांपूर्वीची जादू यांत मिळणाऱ्या नोकऱ्या वेगळ्या. विजेचंच बघा. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं, पण कारखान्यांना विजेचा खरा फायदा मिळायला १९२० चं दशक उजाडलं. आधी मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली आणि छताखालून जाणारा तोच लांब दांडा, तेच पट्टे ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर दिली आणि त्याप्रमाणे इमारतच नव्याने मांडली, तेव्हा फरक पडला. तुमच्या जगात जादू नवी असेल तर ‘मांडणी बदलणारी’ हे पात्र घ्या. तिला जादू येत नसली तरी चालेल. अकरा मिनिटांच्या जादूभोवती वॉर्डचं वेळापत्रक कसं रचायचं हे तिला कळतं.

जादू जरा जुनी झाली की अपघात होतात आणि तपासणारे येतात. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. त्या राज्याने १९०७ मध्ये बॉयलरचा कायदा केला आणि १९१५ मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने बॉयलरची पहिली संहिता छापली. पत्रा किती जाड, शिवण कशी, झडप कुठे. तुमच्या जगातली जादूची संहिता कुठल्या अपघातानंतर लिहिली गेली, हे ठरवून टाका. ती लिहिणारे, तिच्यातून पळवाट काढणारे आणि तिची परीक्षा घेणारे असे तीन धंदे त्यातून हाताला लागतात.

आणि काही कामं गरज संपल्यावरही टिकतात. बटण दाबून चालणारी लिफ्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, तरी लोकांना आत माणूस हवा होता. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिफ्टमननी संप केला तेव्हा शहरातलं कामकाज अडून राहिलं. उडत्या वाहनात नुसता बसून राहणारा, प्रवाशांकडे बघून मान हलवणारा मनुष्य तुमच्या जगात नक्की असेल. त्याचं काम खोटं समजू नका. तो बसतो म्हणून लोक बसतात.

बरं करणाऱ्या जादूबद्दल थोडंच, कारण तिथे सगळे एकच चूक करतात. जखम मिटवणारी जादू आली की डॉक्टर संपले असं धरतात. घाण झालेली जखम वरून बंद केली तर आत पू होतो. म्हणून खरे डॉक्टरही अशी जखम काही दिवस मुद्दाम उघडी ठेवतात. मिटवणारा झटपट असेल तर आधी स्वच्छ करणाऱ्याचं आणि ‘आता मिटव’ म्हणणाऱ्याचं मोल वाढतं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली. त्याआधी सर्जनचं कौतुक त्याच्या वेगासाठी व्हायचं, कारण रुग्ण शुद्धीवर असायचा. नंतर वेग मागे पडला, हळुवार हाताला किंमत आली, आणि भूल देणारा हा नवाच डॉक्टर तयार झाला. जॉन स्नो हा त्यातला अगदी सुरुवातीचा. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानेच दिलं. तुमच्या जादूने कुठलं कौशल्य मागे पडलं आणि कुठलं पुढे आलं, हे विचारा. पात्राचे वडील मागे पडलेल्या कौशल्यात निष्णात असतील तर घरातली गोष्टही सापडते.

मन वाचणारे, इच्छा पुऱ्या करणारे, भविष्य बघणारे यांच्यासाठी एकच सूचना : त्यांना थेट कोर्टात किंवा विमा कंपनीत न्या. मनात वाचलेलं पुरावा म्हणून चालतं का, आणि इच्छेच्या कराराचा मसुदा कोण तपासतं, या दोन प्रश्नांवर वर्षभर खेळ चालतो.

एक दिवस लिहून काढा

काम ठरलं की त्याचा एक साधा दिवस लिहा. पराक्रमाचा नको, मंगळवारचा लिहा. पिशवीत काय असतं, पायात काय असतं, वर कुणाला उत्तर द्यावं लागतं, रजा कोण मंजूर करतं, कुठल्या कागदावर सही करावी लागते.

सहीबद्दल जरा सांगते. एका इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या माणसाने वहीत सलग सहा महिने ‘दोर ठीक’ लिहून सही केली होती. मी तपासणीच्या सावकाश वेगावर केबिन सरकवली आणि दोरावर सुती फडकं हलकेच धरलं. दोरातली एखादी बारीक तार तुटली असेल तर ती फडक्याचा धागा पकडते. माझं फडकं तीन ठिकाणी अडकलं. मी लिफ्ट बंद केली, रहिवाशांची बोलणी खाल्ली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्या सहा सह्यांच्या वेळी लिफ्टमधून कोण कोण वर-खाली गेलं असेल, तेच डोळ्यांपुढे येत होतं. पुढे त्या सह्यांवर मी माझ्या खेळातलं एक पात्र उभं केलं : उडत्या वाहनांचे मंत्र तपासणारी, जिने एकदा न तपासता सही केली आणि अजून काही झालेलं नाही. रोज सकाळी ती वाहनतळावर जाऊन तो एक क्रमांक परत आला का बघते. तिच्याइतकं जिवंत पात्र मला दुसरं जमलेलं नाही.

दिवस लिहिताना तीस वर्षांनंतरच्या शरीराचंही एक वाक्य लिहा. क्ष-किरणांचा शोध राँटगेनने १८९५ मध्ये लावला. सुरुवातीचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ यंत्र नीट चालतं का ते स्वतःचा हात मधे धरून बघायचे. आधी कातडी लाल व्हायची, मग बोटं जायची, पुढे कर्करोग. १९३६ मध्ये हँबर्गला त्यांचं स्मारक उभारलं तेव्हा त्यावर १६९ नावं होती. आज त्या खोलीत काम करणारे किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला छातीवर लावतात. तुमच्या जगात असा बिल्ला आहे का? तो कोण बनवतं, कोण वाचतं, आणि मात्रा भरली की त्या माणसाने पुढे काय करायचं? भाचीला मी विचारलं, रोज चार वेळा बधिर होणारे तळहात पन्नाशीत कसे असतील? ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी तिलाही शाखा निवडायची आहे. त्याबद्दल मी त्या वेळी काही बोलले नाही.

तिसऱ्या रविवारी तिने नवा कागद आणला. व्यवसायाच्या रकान्यात आता जागा पुरत नव्हती, म्हणून तिने मागच्या बाजूला लिहिलं होतं : “भार-सहायक, भाजलेल्यांचा विभाग, रात्रपाळी. दोन वर्षं प्रशिक्षण, पहिल्या परीक्षेत नापास, कारण मिनिट मोजणाऱ्याचं न ऐकता चालू ठेवलं. दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. उजव्या खिशात जाड हातमोजे. डाव्या हाताच्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग, तो कधी पडला ते तिला माहीत नाही.”

त्याखाली शिसपेन्सिलीने एक प्रश्न होता : मावशी, मिनिट मोजणाऱ्याचं पात्र कोण घेणार?